हरणं पुढं ढकलायचं

नाथाजी भंडारे नाटकाला जायचे ते पंचनाम्याला जावं तसे. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची, मांडीवर घडी घातलेला रुमाल, चेहरा कोरा. पडदा पडून लोक चपला शोधायला लागले तरी हे बसूनच. तोंडावरचा रंग पुसत एखादा नट बाहेर यायचा, म्हणायचा, "सर, कसं झालं?" हे म्हणायचे, "गुरुवारी कळेल." आणि गुरुवारी सांगलीच्या पेपरात जे छापून यायचं त्यावर पुढच्या प्रयोगाची तिकिटं खपायची, नाहीतर तशीच पडून राहायची.

त्यांचा एक नेम होता. न बघता लिहायचं नाही. पहिल्या अंकानंतर भेळ खायला उठून तिसऱ्या अंकावर झोड उठवणारे टीकाकार त्यांनी पाहिले होते, आणि त्यांचं नाव निघालं तरी यांच्या कपाळाला आठी पडायची. कारण जुनं होतं. आटपाडीला ज्या आळीत ते जन्मले, त्या आळीतल्या माणसांबद्दल जगानं पिढ्यान्‌पिढ्या न बघताच लिहून ठेवलं होतं. बापानं दीक्षा घेतली, पोराला शाळेत घातलं, पोरगं मास्तर झालं, सांगलीला आलं, लिहायला लागलं. पण तो राग पोटात तसाच राहिला. नाथाजींनी त्या रागाचा नेम करून टाकला.

बुधवारी संध्याकाळी लेख पुरा झाला की तो आधी एका माणसाला वाचून दाखवायचा. माणूस म्हणजे हरणाबाई, त्यांची बायको. शिक्षण चौथी. दिघंचीच्या माहेरी तिला सगळे लाडानं 'हरणं' म्हणायचे, लेकरू म्हणावं तसं, आणि नाथाजीही घरात तेच म्हणायचे. "हरणं, ऐक." मग ती शेंगा फोडायची थांबायची, पदराला हात पुसायची आणि ऐकायची. कुठं एखादा शब्द नुसता नटूनथटून आला असला की म्हणायची, "आवं, हितं वाजत न्हाई." नाथाजी तिथं काट मारायचे. ज्या नाटकाला त्यांनी वाईट म्हटलं त्याचा फुकट पास आला तरी हरणाबाई जायची नाही.

"तुमी बघितलंय न्हवं? मग मी कशाला बघू?"

एवढा विश्वास त्यांच्यावर कुठल्या संपादकानं ठेवला नव्हता.

*

मग एका थंडीत, चहाचं पातेलं उतरवताना हरणाबाईचं उजवं अंग गेलं. पातेलं पडल्याचा आवाज आधी आला, ती पडल्याचा नंतर.

मिरजेच्या दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा पाय थोडा आला होता, हात आला नव्हता, आणि बोलण्याचं काहीतरी विचित्रच झालं होतं. क्रियापदं राहिली होती, नावं गेली होती. द्या, आणा, उठा, बसा, सगळं यायचं. काय आणा, ते यायचं नाही. त्या जागी ती नुसतं तोंड उघडायची आणि तिथं एक रिकामी चौकट उभी राहायची.

"आवं, ते □ द्या."

"पाणी?"

"न्हाई. □."

"उशी? चष्मा? रेडिओ लावू?"

"न्हाईऽऽ!" आणि डाव्या हातानं कपाळ बडवून घ्यायची.

टॉवेल हवा होता.

संध्याकाळी नाथाजी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून आमराईपर्यंत ढकलत न्यायचे. ओळखीचे लोक थांबायचे. हरणाबाई सगळ्यांना हसायची. कुणाचंच नाव घ्यायची नाही.

*

दवाखान्यात व्यायाम करून घेणारी एक मुलगी होती, स्वप्ना. मूळची वाईची, तोंडानं तिखट, हातानं मऊ. तिनं एक दिवस हरणाबाईच्या ओंजळीत एक राखाडी यंत्र ठेवलं. तसलं यंत्र तेव्हा सगळीकडं झालं होतं; स्टेशनाबाहेरच्या गाड्यांवर, गणपती पेठेत, जत्रेत. खोक्यावर छापलेलं, की आत हजारो खेळ आहेत. खेळ खरा एकच. वरून ठोकळे पडतात, ते खाली रचायचे, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. डावीकडच्या बटणांनी ठोकळा सरकतो. उजवीकडं एकच मोठं गोल बटण, त्यानं ठोकळा वळतो.

"मावशी, वळवायचं ते उजव्या अंगठ्यानंच. डाव्यानं चोरी करायची नाही, मी बघतीये."

"पोरांचं □ हाय हे."

"असू दे की. तुमचा अंगठा सध्या पोरापेक्षा लहान आहे."

सुरुवातीला वळवणं जमेचना. उभा ठोकळा उभाच खाली यायचा, पडदाभर खांबच खांब. हरणाबाई हसायची, "लाइटीचं □ पुरल्यात जिकडं तिकडं." आणि एका दुपारी, नाथाजी आतल्या खोलीत असताना, बाहेरून आरोळी आली: "वळलं! आवं, वळलं!" ते धावत आले. त्यांना वाटलं, हिनं कूस बदलली. तर ही अंगठा वर करून बसलेली, डोळे भरलेले.

त्यानंतर अंगठा येत गेला. आधी चमचा धरला. मग पोलक्याचा हूक. नाथाजींनी ते शेजारीपाजारी सांगितलं, अक्षताला, म्हणजे साताऱ्याला दिलेल्या लेकीला, फोन करून सांगितलं.

खूश होते ते. आणि तरी.

बुधवारी "हरणं, ऐक" म्हटलं की ती "वाचा" म्हणायची, पण मान खालीच. टिक्. टिक्. ते एक वाक्य वाचून थांबायचे.

"ऐकतेस ना?"

"व्हय, व्हय."

टिक्.

शब्द गेलेत म्हणून ती काही बोलत नाही, असं ते स्वतःला सांगायचे. पण शब्द गेल्यावरच्या पहिल्या बुधवारीसुद्धा तिनं नुसती भुवई वर केली होती आणि यांना अख्खा परिच्छेद खोडावा लागला होता. भुवई शाबूत होती. ती आता ठोकळ्यांकडं लागलेली होती. तास तास खाली मान. नाथाजी पेपराच्या आडून बघत राहायचे. रचतेय, जातंय, रचतेय, जातंय. शेवटी ढीग वरपर्यंत यायचा, यंत्र एक रडका सूर काढायचं, आणि ही पुन्हा बटण दाबायची. जणू काही झालंच नाही.

*

"सर," संपादक बाळासो म्हणाला, "नाटकं कमी यायला लागलीत. तुमची गुरुवारची जागा काय रिकामी ठेवायची?"

"मग काय करू? मी नाचू?"

"ते हातातलं ठोकळ्यांचं यंत्र निघालंय बघा. पोरं, बापई, एसटीचा कंडक्टर, सगळे त्याच्यात. परवा आमच्याकडं साखरपुड्याला नवरामुलगा खेळत बसलेला, बोला! त्याच्यावर हाणा की एकदा. पण 'शाप की वरदान' असला शाळेतला निबंध नको. नाटकावर लिहिता तसं. रीतसर समीक्षा. लय मजा येईल गड्या... म्हणजे, सर."

नाथाजींनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले.

*

रात्री त्यांनी कागद पुढं ओढला.

हा खेळ म्हणजे तरुण पिढीला लागलेली

नको. व्याख्यान झालं.

नाटक माणसाला अंधारात बसवून उजेडाकडं बघायला लावतं. हे यंत्र माणसाला उजेडात बसवून

खाली बघायला लावतं. बरं आहे. पुढं.

या खेळात पात्र नाही, प्रसंग नाही, पहिला अंक नाही आणि शेवटचाही नाही. मधलाच एक अंक आहे, तो

तो काय? तो संपत नाही? संपतो की. कसा संपतो?

आणि मग ते आलं, एका दमात, काट न मारता:

"आट्यापाट्यांपासून बुद्धिबळापर्यंत कुठल्याही खेळात एक जागा अशी असते, की तिथं पोचलं की माणूस जिंकला. इथं ती जागाच ठेवलेली नाही. रचलेलं नाहीसं होतं, ठोकळे वेगानं येऊ लागतात आणि आज ना उद्या ढीग वर येतोच. शेवट ठरलेला. खेळणाऱ्याच्या हातात एवढंच, की हरणं पुढं ढकलायचं. याला खेळ म्हणत नाहीत. याला हमाली म्हणतात, तीही बिनपगारी."

कितीतरी दिवसांत असं उतरलं नव्हतं. बुधवारी त्यांनी घसा साफ केला. "हरणं, ऐक."

का कोण जाणे, त्या दिवशी तिनं यंत्र बंद करून मांडीवर ठेवलं. ऐकलं. मान वर, डोळे त्यांच्या तोंडावर, जुन्यासारखी. लेख संपला तेव्हा ती म्हणाली, "परत."

"सगळं?"

"न्हाई. ते... ढकलायचं."

त्यांनी तो परिच्छेद परत वाचला, सावकाश, प्रत्येक शब्द वाजवून. हरणाबाईची भुवई हलली नाही.

"खरं हाय," ती म्हणाली. "लय खरं हाय."

नाथाजींच्या अंगावर काटा आला. आनंदाचा. यंत्र तिनं स्वतःच, डाव्या हातानं, उशाशी असलेल्या ट्रंकेत टाकलं आणि झाकण लावलं. त्यांना वाटलं, ही पूर्वीसारखी पटल्याची खूण.

दुसऱ्या दिवशी आमराईला जायला खुर्ची काढली, तर म्हणाली, "नगो. ढकलू नगा."

त्यांना वाटलं, दमली असेल.

*

—भंडारे सरांनी फोडलं की राव!

—बिनपगारी हमाली. आमच्या पोराला घरात आता तेच नाव पडलंय. ए हमाल, जेवायला ये.

—शाळेत मास्तरांनी खोकंभर यंत्रं जप्त केली म्हणं. आता मास्तरच खेळत बसल्यात.

—हरणं पुढं ढकलणं वाईट, तर मग सोसायटीची निवडणूक काय वेगळी हाय?

—पण वाक्य काय हाय बघा. हरणं पुढं ढकलायचं. डोक्यातनं जात न्हाई.

*

"मावशी, हे काय झालं?"

स्वप्नानं हरणाबाईचा अंगठा दोन बोटांत धरला होता. अंगठा तळव्याकडं दुमडून बसला होता, रुसल्यासारखा. "यंत्र कुठंय?"

"ठिवलं."

"का?"

हरणाबाईनं नाथाजींकडं बघितलं. "ह्यांनी लिवलंय. वाईट हाय."

स्वप्नानं नाथाजींना बाहेर व्हरांड्यात घेतलं. तिथं रांगेत काठ्या टेकून ठेवलेल्या होत्या.

"सर, तुमचा लेख मी वाचलाय. छान आहे. आमच्याकडं डॉक्टरांनी भिंतीला लावलाय. पण मला सांगा, मी दुसरा कुठला व्यायाम देऊ की बाई तास तास करेल? चेंडू दाबायला दिला, दहा वेळा दाबून कंटाळल्या. यंत्र दिलं तर ओढून घ्यावं लागायचं."

"तेच तर मी लिहिलंय. व्यसन लागतं."

"लागू दे की! आजारी माणसाला जगायचं व्यसन नको लागायला?" तिनं आवाज खाली घेतला. "हे बघा, हात परत यायचा काळ असतो. आत्ता येतोय तेवढा येईल. पावसाळ्यापर्यंत असाच दुमडून राहिला तर मग तो तसाच. मग देवसुद्धा—तुमच्यात देव नाही ना मानत? मग कुणीसुद्धा सरळ करू शकणार नाही."

नाथाजींनी रांगेतली एक कललेली काठी सरळ केली.

"तुम्ही खेळून बघितलंत का, सर?"

"मी नाटकं बघतो," नाथाजी म्हणाले. "कामं करत नाही त्यात."

उत्तर तयारच होतं. चांगलं वाजलंही. मिरजेहून परतताना मात्र ते दातात अडकलेल्या सुपारीसारखं जिभेला लागत राहिलं.

*

त्यांनी दुसरा लेख लिहिला. ठोकळ्यांच्या खेळाची दुसरी बाजू. एकाग्रता, बोटांची चपळाई, एकट्या माणसाला सोबत. बुधवारी वाचला. हरणाबाई ऐकत होती, पण मध्येच तिनं हात वर केला.

"वाजत न्हाई."

"कुठं?"

"कुटंच. ह्याच्यात तुमी न्हाई." आणि थोड्या वेळानं, "मला □ पाजल्यागत लिवलंय."

औषध. हा शब्द त्यांना तिच्याआधी सापडला. त्यांनी तो तिला दिला नाही.

बाळासोनंही कागद परत सरकवला. "सर, सगळा गाव तुमच्या बाजूनं आहे. आत्ता पलटी मारलीत तर लोक म्हणतील, यंत्रवाल्यांनी भंडाऱ्यांना गाठलं. आणि साताऱ्याहून व्याख्यानाचं बोलावणं आलंय तुम्हाला, ते याच लेखावर."

*

साताऱ्याच्या त्या हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि वारा नव्हता. नाथाजींनी ठरवून आणलं होतं: आज सांगायचं. माझ्या घरात एक आजारी माणूस आहे, त्याचा हात या यंत्रानं परत येत होता, म्हणून माझं मत मी पुन्हा तपासतो आहे. वाक्य पाठ होतं.

ते उभे राहण्याआधीच लालासाहेब नावाचे एक निवृत्त सुभेदार उठले. मिशा पांढऱ्या, आवाज कवायतीचा. "सरांचा लेख वाचला आणि नातवाचं यंत्र नेऊन विहिरीत टाकलं! पोरगं जेवलं न्हाई. म्हटलं, नगं जेवू. शिस्त म्हंजे शिस्त!"

टाळ्या. त्या टाळ्यांवर पाय ठेवूनच नाथाजी माइकपर्यंत गेले. समोरचे चेहरे एका वाक्याची वाट बघत होते, जसं ओळखीच्या गाण्याच्या धृपदाची बघतात. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. माझ्या घरात एक

माझ्या घरात एक □

"मंडळी," ते म्हणाले, "या खेळात जिंकायची जागाच नाही. फक्त, हरणं पुढं ढकलायचं."

हॉलभर टाळ्या कोसळल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. शालीत घाम फुटला.

*

अक्षताच्या घरी, गोडोलीला, जेवणं झाली. जावई कामावर गेलेला. अक्षतानं नारळ ओट्यावर ठेवला आणि शालीची घडी घालता घालता म्हणाली,

"आण्णा, एक विचारू? रागवाल."

"विचार."

"ते वाक्य तुम्ही आईवर लिहिलंय का?"

"कुठलं वाक्य?"

"हॉलभर टाळ्या पडल्या ते."

नाथाजींना खरंच कळलं नाही. मग तीच बोलली, एकेक शब्द सुटा करून, लहान पोराला शिकवावं तसं: "हरणं. पुढं. ढकलायचं."

बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. ती सुरू होत नव्हती.

"फोनवर आई रडत होती. अडेल तिथं मी शब्द जोडून देत होते. म्हणाली, तुझ्या आण्णांनी पेपरात लिवलं, हरणं पुढं ढकलायचं, बिनपगारी हमाली. लोक वाचत्यात. म्हणाली, आता मी खुर्चीत बसून भायेर जायाची न्हाई."

"अगं, वेडी का काय ती! हरणं म्हणजे हार. हरणं, जिंकणं. क्रियापद आहे ते!"

"मला मराठी येते, आण्णा. तिलाही येते. तिची नावं गेलीत, क्रियापदंच राहिलीत तिच्याजवळ. आणि तुम्ही तिला हाक मारता तीच क्रियापद झाली. एवढा एक शब्द तिला सापडतो, तो ती कशी सोडेल?"

"मी तिच्यावर असं लिहीन?"

"नाही लिहिणार. म्हणूनच विचारलं," अक्षता म्हणाली. पण तिनं शाल घडीवर घडी घालून इतकी लहान केली होती, की विश्वास बसल्यासारखं दिसत नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सातारा ते सांगली एसटीत त्यांनी स्वतःची उलटतपासणी घेतली.

शब्द उच्चारताना लक्षात कसं आलं नाही? रोज तोंडात असणारा शब्द. रोज हातात असणारी खुर्चीची मूठ.

लेखणीच्या लक्षात आलं होतं का?

कराड गेलं. उसाच्या ट्रॉल्या, मळीचा वास. पेठ नाक्याला चहा घेतला, तो तसाच ठेवला.

तिच्याशी बोलताना दोनच गोष्टी सांगता येण्यासारख्या होत्या. एक: लेख खेळावर आहे, तुझ्यावर नाही, मी खेळ नीट जाणून लिहिलंय. मग खेळ वाईट ठरतो, आणि भंडाऱ्यांनी वाईट ठरवलेलं हरणाबाई हातात धरत नाही. अंगठा जातो.

दुसरी: मी तो खेळ कधी हातात धरलेलाच नाही. एक बटण दाबलेलं नाही. न बघता लिहिलं. मग मत खोटं ठरतं, यंत्र ट्रंकेतून बाहेर येतं. आणि इतकी वर्षं "तुमी बघितलंय न्हवं?" म्हणून मान डोलावणारी बाई

अंगठा वाचतो. बुधवारी ऐकणारा कान जातो.

आष्ट्याजवळ त्यांनी ठरवलं, पहिली गोष्ट सांगायची, आणि खेळायला दुसरं काही कारण काढायचं. सांगली स्टँडवर उतरेपर्यंत त्यांना माहीत होतं, तसलं सगळं तिला औषधासारखं लागणार आहे.

*

दुपार होती. शेजारच्या शालूबाईनं हरणाबाईची वेणी घालून दिली होती, ती नुकतीच गेली. नाथाजी चपला काढायच्या आधीच बोलले.

"हरणं, ते वाक्य तुझ्यावर नाही. हरणं म्हणजे हार. जिंकणं, हरणं, त्यातलं."

हरणाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. "ठावं हाय."

"ठाऊक आहे? मग?"

"दोनी हाय." तिनं डाव्या हाताची दोन बोटं उभी केली. "ते बी. मी बी." मग ती बोटं खाली घेऊन म्हणाली, "तुमी न बघता लिवत न्हाई. खरं हाय ते. ढीग येतोच."

शब्द लेखातलाच, ऐकून राहिलेला. ती ढिगाबद्दल बोलत होती, आणि ढिगाबद्दल बोलत नव्हती. दुमडलेला अंगठा तिच्या मांडीवर पडला होता, कुणा दुसऱ्याचा असावा तसा.

"मी खेळलो नाही," नाथाजी म्हणाले.

"आँ?"

"तो खेळ. कधीच खेळलो नाही. यंत्र हातात घेतलं नाही मी. बटण कसं दाबतात ते माहीत नाही. न बघता लिहिलं, हरणं. त्या लेखात काही अर्थ नाही. तू खेळ."

घरात नळाचं पाणी यायची वेळ होती. बादलीत हवा फुसफुसत होती, पाणी आलं नव्हतं.

"न बघता?"

"म्हणजे, बघत होतो. तू खेळत होतीस, ते बघत होतो."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं, काय बोललो.

हरणाबाईची भुवई वर गेली. इतक्या महिन्यांनी. "म्हंजी मलाच बघितलं," ती म्हणाली. "खेळ न्हाई बघितला. मला बघितलं आणि लिवलं, ढीग येतोच. बिनपगारी." थांबली. काहीतरी शोधत होती. यांना वाटलं, आता चौकट येणार. आली नाही. शब्द नावासकट आला. "आपल्या आळीवर लिवायची माणसं, तसं."

नाथाजींनी काहीतरी म्हणायला □

□ □

"काढा," हरणाबाई म्हणाली. ट्रंकेकडं बोट.

त्यांनी यंत्र काढलं. सेल उतरले होते. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणून घातले. तिच्या हातात द्यायला गेले, तर तिनं मान हलवली. "आधी तुमी."

नाथाजी पलंगाच्या कडेला बसले. चष्मा वर केला, खाली केला. पहिला ठोकळा आला. वळवायला गेले तर सरकला. सरकवायला गेले तर वळला. पाठोपाठ दुसरा, तो पहिल्यावर आडवा. मध्ये भोक राहिलं. भोक भरायला जावं तर वरचंच वाढायचं. त्यांना एकदम घाई झाली, अंगठे घामानं घसरले, कानाच्या पाळ्या तापल्या. एक ओळ भरत आली, एकच जागा राहिली होती, आणि हवा तो ठोकळा येईचना. आला तेव्हा त्यांनी तो उलटा टाकला. "अरे!" ते ओरडले, मोठ्यानं, मैदानात ओरडावं तसे. आणि ढीग वर पोचला.

हरणाबाई त्यांचा चेहरा बघत होती. खेळाकडं तिनं बघितलंच नव्हतं.

"काय वाटलं?" तिनं विचारलं.

"पुन्हा खेळावंसं वाटलं," ते म्हणाले.

ती हसली नाही. डावा हात पुढं करून तिनं यंत्र घेतलं, मांडीवर टेकवलं, डाव्या हाताच्या बोटांनी उजवा अंगठा उचलून गोल बटणावर आणून ठेवला. दात आवळले. नाथाजी पुढं वाकले.

"तिकडं बघा."

"मी नुसता..."

"तिकडं. मला बघू नगा. बघितलं की लिवता."

त्यांनी खुर्ची उचलली, दाराकडं तोंड करून ठेवली आणि बसले. समोर रस्ता. शालूबाई दारातली बादली हलवून बघत होती, पाणी येतंय का. मागं पहिला ठोकळा पडला. मग टिक्. थोडा वेळ काहीच नाही. नुसता श्वास, नाकानं ओढलेला, कष्टाचा. मग पुन्हा टिक्. ठोकळा वळत होता की नुसता सरकत होता, ते त्यांना कळेना. दोन्हीचा आवाज सारखाच होता.